रुमालाला जागा नाही

विजयमालाबाईंनी आजवर अकरा प्रेमकादंबऱ्या सुरू केल्या आणि एकही संपवली नाही. यात आळसाचा भाग नाही. बाई एसटीत कंडक्टर आहेत आणि एकोणीस वर्षांत त्यांनी एकही फेरी अर्ध्यात सोडलेली नाही. एकदा चाक पंक्चर झालं तर प्रवाशांना उतरवून स्वतः जॅक लावला. पण कागदावरचं प्रेम मात्र बाईंच्या हातून कुठल्या तरी फाट्यावर उतरून जातं आणि बाई रिकाम्या गाडीत घंटी वाजवत राहतात.

पहिल्या वहीत नायिका नवव्या पानावर वारली. पुढे प्रेम करायला कोणी उरलंच नाही. दुसऱ्या वहीत नायक शिकायला अमेरिकेला गेला, आणि अमेरिकेत नेमकं काय असतं हे बाईंना ठाऊक नसल्यामुळे तो अजून तिथेच आहे. अकराही वह्या घरात सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागे आहेत, कारण नवऱ्याचं ढेपेचं दुकान आहे. नवरा साहित्यप्रेमी. लग्नानंतर त्यानं या विषयावर एकच प्रश्न विचारला होता.

"त्याच्यात मी हाव काय?"

"नाही."

"मंग लिही."

इतका पाठिंबा मोठमोठ्या लेखकांनाही मिळत नसेल.

बारावी वही मात्र वेगळी होती. झालं असं की गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर यवतमाळला महिलांच्या लेखनाचा कसलासा मेळावा झाला. तिथे नागपूरचे एक प्रकाशक चहा पिता पिता बाईंना म्हणाले, "लिहा हो, जरूर लिहा. पूर्ण करून फेब्रुवारीअखेर पाठवा, वाचतो." हे वाक्य प्रकाशक लोक, आपण "या एकदा घरी" म्हणतो, त्याच भावनेनं म्हणतात. बाईंनी ते नेमणुकीच्या ऑर्डरीसारखं घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाडीला जाहीर केलं, "अठ्ठावीस फेब्रुवारीले माही कादंबरी नागपूरले जाते. अन् ही बारावी बी अर्धी राह्यली, तं साऱ्या बारा वह्या बंबात घालीन अन् पुन्हा पेन हातात धरणार नाही."

"पेन मले देजा," ड्रायव्हर देवीलालनं पुढून आवाज दिला, "माही रिफिल संपली."

सगळ्या गाडीसमोर बोललेलं मागे घेता येत नाही. तिकीट एकदा फाडलं की फाडलं.

गाडी म्हणजे सकाळची सव्वाआठची यवतमाळ–राळेगाव, कळंबवरून. मीही तिनंच अप-डाउन करतो. राळेगावला एका कार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटरवर बसतो. सकाळी त्याच सीटा, तीच तोंडं, तेच डबे. आमच्यातले ज्येष्ठ म्हणजे पुंडलिकराव. वय अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, म्हणून राळेगावला रोज जातात आणि रोज परत येतात. राळेगावात काम काय? काही नाही. "घरी बसून तरी काय फुकट भेटून राह्यलं?" असा त्यांचा सवाल असतो.

बाईंची लिहायची रीत सांगण्यासारखी आहे. तिकिटाच्या मशीनचा कागदी रोल संपत आला की शेवटी वीतभर कोरा तुकडा उरतो. बाईंना कल्पना सुचली की त्या तुकड्यावर टिपतात. म्हणून त्यांची कुठलीही कल्पना वीतभरापेक्षा लांब नसते, ही चांगलीच गोष्ट. दुपारी राळेगावला गाडीचा दीड तास थांबा असतो. तेव्हा स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बाई चहाच्या ग्लासाखाली ते तुकडे दाबून ठेवतात आणि एकेक वहीत उतरवतात. इथवर सगळं ठीक. त्यानंतर त्या ते सुधारतात. खरा अपघात तिथे होतो.

बाराव्या वहीचा पहिला तुकडा ऑगस्टच्या पहिल्या तारखेचा. तो मी पाहिलेला आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: "रुमाल. निळा, चौकटीचा. कोणीच बोलत नाही."

आता रुमालाचं सांगायला हवं. यवतमाळच्या स्टँडवर गाडी थांबायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, डबे, कधी कधी लेकरंही आत पडतात. ज्याचा रुमाल सीटवर, त्याची सीट. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण त्यावरून जितकी भांडणं झाली तितकी शेताच्या धुऱ्याबांधावरूनही झाली नसतील. विजयमालाबाईंना हा कायदा मान्य नाही. गाडीत चढल्या की त्या दोन बोटांनी एकेक रुमाल उचलतात आणि ओरडतात, "रुमालाले जागा नाही! ज्याचं तिकीट त्याची जागा!" एकोणीस वर्षांत यात बदल नाही.

त्या दिवशी ड्रायव्हरमागच्या तिसऱ्या खिडकीशी निळा रुमाल होता. शेजारी एक तरुण मास्तर दांडा धरून उभा. नवीन होता; राळेगावच्या शाळेवर त्याच दिवशी रुजू व्हायला निघाला होता. नाव रजत.

"कोणाचा हा?" बाईंनी रुमाल चिमटीत धरला.

"माहाच हाये, मॅडम."

"मंग बस ना."

"मी नाही बसत."

"मंग दुसऱ्याले बसू दे."

"तिकीट दोन द्या," मास्तर म्हणाला. "एक यवतमाळ ते राळेगाव. अन् एक बी यवतमाळ ते राळेगाव. ते जागेचं."

बाईंनी एकोणीस वर्षांत जागेचं तिकीट फाडलं नव्हतं. त्या दिवशीही फाडलं नाही. पण रुमाल परत ठेवला. कळंबला गाडी थांबली, गर्दी चढली, आणि गर्दीतून दवाखान्याची पिशवी खांद्याला लावलेली एक मुलगी वर आली. राळेगावला नर्स आहे, समीक्षा नाव. कळंबवरून ती रोज उभ्यानंच यायची. तिनं मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं खिडकीबाहेर पाहिलं. तिनं सीटवरचा रुमाल उचलला, चार घड्या घातल्या, बसली. राळेगाव येईपर्यंत दोघांत चकार शब्द नाही. उतरताना तिनं रुमाल सीटवर ठेवला, मास्तरनं उचलून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

"रुमाल. निळा, चौकटीचा. कोणीच बोलत नाही." बाईंनी आयुष्यात लिहिलेलं हे सर्वांत बरं वाक्य. पण चहा आला आणि बाईंनी ते सुधारायला घेतलं.

आधी रुमाल रेशमी झाला, त्याला अत्तर लागलं. मग असा रुमाल मास्तरकडे कुठून येणार, म्हणून नायक विक्रांत नावाचा उद्योगपती झाला. त्याचे अकरा कारखाने. आता अकरा कारखान्यांचा मालक एसटीत कशाला उभा राहील, म्हणून एसटीची झाली रेल्वे, आणि रेल्वे गेली सिमल्याला. नायिका आधी नर्स होती. प्रकाशकाला नर्स चालेल की नाही या शंकेनं ती डॉक्टर झाली. पण डॉक्टरीण रोज रेल्वेत काय करते? याला उत्तर सापडेना, तेव्हा बाईंनी तिची स्मरणशक्तीच घालवली. लेखिकेची अडचण झाली की नायिकेनं काहीतरी गमवायचं, हा बाईंच्या अकराही वह्यांचा नियम.

लिहिलेलं टाइप करायचं काम जेबाकडे. राळेगाव स्टँडसमोर तिचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारापासून निकालापर्यंत सगळं तिथे निघतं. सहाव्या प्रकरणाला जेबाची बोटं थांबली.

"मावशी, एक बात पुछू? हिले काहीच याद नाही, तं रोज तीच सीट कशी याद राह्यते?"

"मनाले याद राह्यते, बाप्पा. डोक्याले नाही."

"अन् सिमल्यात तुम्ही पळसाचं झाड लावलं."

"मंग? नाही राहत तिथी?"

"मले काय मालूम. मी वर्ध्याच्या पुढं गेली नाही."

"मी बी नाही. राहू दे झाड."

अशी तेरा प्रकरणं झाली आणि दिवाळी उलटली. चौदाव्यात विक्रांतनं बोलायचं होतं. इथे गाडी बंद पडली. सिमला, कारखाने, अत्तर हे सगळं बाईंनी मनानं रचलं होतं, पण माणूस बाईजवळ काय बोलतो हे काही केल्या रचता येईना. तेव्हा बाईंनी ठरवलं की रजत गुरुजी बोलतील तेच विक्रांतच्या तोंडी घालायचं. आणि गुरुजी बोलेनात. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तिकडे सिमल्याच्या गाडीत विक्रांत दांडा धरून ताटकळत उभा.

बाईंनी उपाय केले नाहीत असं नाही. जानेवारीत एकदा त्यांनी देवीलालला हळूच सांगितलं, "कळंबच्या पुढच्या वळणावर जरा कचकन ब्रेक मार."

"काहून?"

"तू मार तं."

देवीलालनं मारला. सगळी गाडी पुढे आली. गुरुजी समीक्षाच्या अंगावर पडतील आणि चौदावं प्रकरण सुरू होईल असा बाईंचा हिशेब होता. पण मधे पुंडलिकराव उभे होते, सीट असून उभे, कारण बसून बसून पाय अवघडले होते. ते गुरुजींच्या गळ्यात पडले आणि राळेगावपर्यंत त्यांनी मिठी सोडली नाही.

"मॅडम," उतरताना ते म्हणाले, "फुकट नेता म्हून मारून टाकता काय?"

फेब्रुवारी उजाडला. नऊ तारखेला व्हायचं ते झालं. जेबानं तेरा प्रकरणांची प्रिंट काढून दिली होती. बाईंनी ती सकाळी कंडक्टरच्या सीटवर ठेवली आणि तिकिटं फाडायला मागे गेल्या. पुंडलिकरावांनी चष्मा पुसला, कागद उचलले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज असा की पोथी वाचतात तेव्हा शेजारच्या गल्लीला पुण्य मिळतं.

"'तिसऱ्या खिडकीशी त्याचा निळा रेशमी रुमाल थरथरत होता...' अबे, तिसरी खिडकी? निळा रुमाल?" पुंडलिकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तं आपले गुरुजी होत! गुरुजी, अकरा कारखाने कधी टाकले?"

गाडी अशी हसली की देवीलालनं मागे वळून पाहिलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. गुरुजींचे कान लालबुंद झाले. बाई मागून गर्दी कापत आल्या, पण दोन्ही बाजूंनी माणसं उभी, हातात मशीन, आणि पुंडलिकराव पुढचं पान वाचतायत. तेवढ्यात कळंब आलं. समीक्षा चढली.

"या, या!" पुंडलिकराव म्हणाले. "याददाश्त गेली तरी सीट बरोबर सापडते तुम्हाले!"

समीक्षाला आधी कळलं नाही. मग तिनं त्यांच्या हातून कागद घेतले, उभ्यानंच दोन पानं वाचली. निळा रुमाल तसाच सीटवर होता. तिनं त्याला हात लावला नाही. कागद पिशवीत घातले आणि राळेगावपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रुमाल नव्हता. तिसऱ्या खिडकीशी एक मनुष्य कोंबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसला होता. गुरुजी पार मागे, शेवटच्या सीटजवळ, तोंड मागच्या काचेकडे. कळंबला समीक्षा चढली, तिनं तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं, आणि दांडा धरला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. सहा महिने जे रोज होत होतं ते बाईंच्या तेरा प्रकरणांनी एका सकाळी बंद पाडलं. असा परिणाम साहित्याचा सहसा होत नाही म्हणतात.

त्या आठवड्यात बाईंनी गाडीत एकही रुमाल उचलला नाही. तोंडातून "ज्याचं तिकीट त्याची जागा" निघेना. वहीही उघडली नाही. जेबानं विचारलं, "मावशी, अठ्ठावीसले पंधराच दिवस राह्यले," तर म्हणाल्या, "बंबाले सरपण पाह्यजेच."

शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये समीक्षा आली. दवाखान्याच्या सुट्टीतून तशीच उठून आली होती. मी पलीकडच्या टेबलावर डबा खात होतो. तिनं कागदांचा गठ्ठा बाईंसमोर ठेवला.

"मॅडम, हे खोटं हाये."

"कादंबरी हाये ते, बाई माही. माफ कर. मी..."

"खोट्याचं काही नाही. पण खऱ्यापेक्षा बेक्कार खोटं लिहिलं, त्याचा राग हाये."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. समीक्षा बसली, आणि चहा गार होईस्तोवर बोलली.

गुरुजी तिला पाहायला आले होते. ते रुमालाच्या आधी नऊ महिने, आदल्या नोव्हेंबरात. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं, सगळं बरं चाललं होतं. मग गुरुजींची आई म्हणाली की पोरगी पसंत आहे, फक्त नोकरी सोडावी लागेल. घरच्या सुनेनं रोज उभ्यानं धक्के खात कळंब–राळेगाव करायचं, बसायला जागा नाही की काही नाही, चांगलं दिसतं का?

"मी म्हटलं, जागा भेटत नाही म्हून नोकरी सोडू? मले नोकरी सोडायले लावणारा नाही पाह्यजे. जागा धरणारा पाह्यजे. अन् उठून आत गेली."

"अन् गुरुजी?"

"पोहे खाऊन राह्यले होते. मुंडी वर नाही केली त्याईनं."

बाईंचा हात आपोआप मशीनच्या पिशवीकडे गेला, रोलचा तुकडा शोधायला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"मंग ऑगस्टमध्ये इकडं बदली झाली त्याईची," समीक्षा म्हणाली. "पहिल्याच दिवशी तो रुमाल."

"म्हंजे ते उत्तर होतं! अन् तू सहा महिने बोलली नाही काहून?"

"उत्तर द्याले त्याईनं नऊ महिने लावले. मी दोन दिवसात पेपर तपासू काय?"

बाई हसल्या. समीक्षा हसली नाही.

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "सिमला काढा, ते अत्तर काढा, अन् मले याददाश्त देऊन टाका. मले सारं याद हाये. फक्त शेवट लिहू नका. तो अजून मलेच मालूम नाही, तं तुम्ही कोण लिहिणाऱ्या?"

"अवं, पण अठ्ठावीस तारीख..."

"तारीख तुमची हाये. शेवट माहा."

"बरं," बाई म्हणाल्या. "नाही लिहीत. वचन."

मग पंधरा दिवस बाईंनी जे केलं ते अकरा वह्यांत कधी केलं नव्हतं. त्यांनी काहीच सुधारलं नाही. विक्रांतचे अकरा कारखाने एका दुपारीत बंद पडले; एवढे कामगार रस्त्यावर आले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. रेल्वेची पुन्हा एसटी झाली. डॉक्टरीण नर्स झाली. सिमला गेला आणि पळस जागच्या जागी राहिला, कारण तो कळंबच्या पुढे खरंच आहे. ऑगस्टपासूनचे सगळे तुकडे बाईंनी पिशवीतून काढले आणि जसेच्या तसे वहीत उतरवले. नायकाला बोलायला लावायची गरजच उरली नाही. ज्यानं पोहे खाताना तोंड उघडलं नाही तो बसमध्ये काय उघडणार? त्याच्याजवळ रुमाल होता.

जेबा टाइप करता करता एकदम म्हणाली, "मावशी, हे आता मले थांबू देऊन नाही राह्यलं."

"काहून, चुकलं काही?"

"नाही न. ग्राहक उभे हायेत बाहेर."

पण कागदावर दुरुस्त होत होतं ते गाडीत मोडलेलंच होतं. एका सोमवारी यवतमाळ स्टँडवर बाईंनी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, रुमाल धुवायले टाकला काय?"

"लोक हसतात, मॅडम."

"मले एकोणीस वर्षांपासून हसून राह्यले. मी घंटी वाजवणं सोडलं काय?"

गुरुजी पायाकडे पाहत राहिले. पोहे खातानाही बहुधा असेच पाहत असतील. त्या दिवशीही रुमाल पडला नाही. बाई पुढे गेल्या आणि देवीलालला म्हणाल्या, "चाल. या माणसाले ब्रेक मारून बी काही होत नाही."

चोवीस तारीख. संध्याकाळची परतीची गाडी. सकाळी समीक्षाला कळंबला गर्दीत चढावं लागतं, पण संध्याकाळी राळेगावहून आम्ही सगळे एकाच ठिकाणी चढतो, आणि जो आधी पोहोचेल तो राजा. गाडी स्टँडात वळली. बाई दारात उभ्या होत्या. मी चढायला पाय उचलला आणि डोक्यावरून काहीतरी पिवळं उडालं. तिसऱ्या खिडकीतून आत पडलं. पोरी उन्हात तोंडाला बांधतात तो स्कार्फ. टाकणारी समीक्षा. ती आरामात चढली, आणि सीटवर न बसता तिच्याशेजारी दांडा धरून उभी राहिली.

गाडी भरली. पुंडलिकराव आले, तिसऱ्या खिडकीशी थांबले.

"हा कोणाचा? पोरी, तुहा हाये तं बस न."

"मी नाही बसत," समीक्षा म्हणाली.

"मंग मी बसतो. रुमालाले जागा नाही, आपल्या मॅडमचाच कायदा हाये." आणि ते टेकायला वाकले.

"पुंडलिकराव!" दारातून बाईंचा आवाज आला. स्टँडवरची कुत्री उठून बसली. "जागा धरलेली दिसत नाही काय तुम्हाले? मागं जा!"

एकोणीस वर्षांचा कायदा मोडायला एवढाच वेळ लागला. पुंडलिकराव वाकलेले तसेच सरळ झाले. सगळ्यांनी मागे पाहिलं. मागे गुरुजी शेवटच्या काचेशी.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "चालत येता, का देवीलालले ब्रेक मारायले सांगू?"

गुरुजी आले. स्कार्फ उचलला, त्याची घडी घातली. ती घडी अशी जमली होती की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाटावा. बसले. राळेगावपासून कळंबपर्यंत गुरुजी बसून, ती उभी. बोलले का? मी दोन सीटा मागे होतो आणि पुंडलिकरावांना नेमका तेव्हाच खोकला लागला. पण कळंबला ती उतरायला वळली, गुरुजींनी स्कार्फ दिला, आणि ती जे बोलली ते मी ऐकलं, दाराशी उभ्या बाईंनीही ऐकलं.

"उद्या खिडकीची नका धरू. सकाळचं ऊन लागते."

बाईंच्या हातात मशीन होतं, रोल संपत आला होता, वीतभर कोरा कागद बाहेर लोंबत होता. जगातला कुठलाही कादंबरीकार असं वाक्य सोडणार नाही. बाईंनी पेन काढलं. टोपण उघडलं. मग खाली स्टँडवर स्कार्फ बांधत चाललेल्या समीक्षाकडे पाहिलं, पेन बंद केलं आणि दोनदा घंटी ओढली. बाईंनी वचन दिलं होतं, म्हणून त्यांनी ते वाक्य लिहिलं नाही. मी कोणाला काही वचन दिलेलं नाही.

कादंबरी बाईंनी चोवीसच्या सकाळवरच थांबवली. कळंबला नर्स चढते, रुमाल नसतो, ती दांडा धरते आणि गाडी सुटते. जेबानं शेवटचं पान काढलं, उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी.

"अन् पुढं?"

"पुढचं त्याईचं."

"प्रकाशक इचारन न, मावशी."

"इचारू दे. दोनशे बारा पानं झाली. संपली म्हंजे संपली."

बारावी वही संपली ती अशी. फाईल कुरियरनं पाठवायला बाई तयार नव्हत्या; पहिलंवहिलं लेकरू कोणी कुरियरनं सासरी पाठवतं का? अठ्ठावीसला त्यांनी रजा काढली आणि नागपूरच्या गाडीला स्वतः निघाल्या. पुढचं बाईंनीच सांगितलं, त्यामुळे थोडं सुधारलेलं असू शकतं.

साध्या साडीत, खांद्याला पिशवी, मशीन नाही, बिल्ला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाई यवतमाळ स्टँडवर प्रवासी म्हणून उभ्या होत्या. गाडी लागली, लोंढा धावला, खिडक्यांतून रुमाल पडू लागले. बाईंनी पिशवी चाचपली. जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल उचललेली बाई; तिच्याकडे रुमाल कुठून असणार? हातात होती ती फाईल. बाईंनी ती खिडकीतून फेकली.

आत पोहोचल्या तेव्हा फाईलवर पुंडलिकराव बसलेले होते. नागपूरही फुकटच आहे.

"ते माहं हाये! उठा!"

त्या गाडीचा कंडक्टर कोवळा पोरगा, डेपोत बाईंच्याच हाताखाली शिकलेला. तो मशीन वाजवत आला. "मावशी, रुमालाले जागा नाही, तं फायलीले कुठून? ज्याचं तिकीट त्याची जागा. तुम्हीच शिकवलं."

बाई उभ्या राहिल्या. कळंब आलं तरी उभ्याच. तिथे पुंडलिकरावांना खालून काहीतरी टोचलं, म्हणून त्यांनी फाईल बाहेर ओढली, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता सगळ्या गाडीला ऐकू जाणार. पण आवाज आला नाही. पुंडलिकराव मनात वाचत होते. ओठ हलत होते, पानं उलटत होती. मधे संत्रीवाला चढला, "बाबाजी, घ्या," म्हणाला, त्यांनी मान वर केली नाही. वर्धा आली, गेली. बुटीबोरीच्या अलीकडे शेवटचं पान आलं. त्यांनी ते वाचलं, उलटवलं, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला, फाईलीच्या कप्प्यात बोट घालून पाहिलं.

"मॅडम, याच्यापुढचं कुठी हाये?"

"नाही."

"नाही म्हंजे? पोरगी उभीच राह्यली काय? तुम्ही तं मले हाकललं होतं न त्या सीटवरून! मंग?"

"ते नाही लिहिलं."

पुंडलिकरावांनी फाईल बंद केली. बाईंकडे रागानं पाहिलं. मग कुरकुरत खिडकीकडे सरकले आणि शेजारी वीतभर जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "अन् सांगा. शेवट द्यायचाच नव्हता, तं नागपूरपावतर मले वाचाले कायले लावलं?"